गहाण नसेल तर वाचेल म्हणे, पण गहाण काय नाही?

कर्ज फिटेना झालं की माणूस कायदा विचारत नाही, "घर जाईल का" एवढंच विचारतो. मग जमीन, बायकोचं गळ्यातलं, मोटरसायकल, दारातली म्हैस. दिवाळखोरी जाहीर केली की अंगावरच्या कपड्यानिशी बाहेर काढतात असा आपल्याकडं सरसकट समज आहे, आणि तो तसाच राहण्यात वसुलीवाल्यांचा फायदा असल्यामुळं कुणी तो खोडतही नाही. खरं तर काय न्यायचं नाही याची यादी कायद्यात शंभर वर्षांहून जास्त काळ पडून आहे. माझं भांडण त्या यादीशी नाही, यादी बऱ्यापैकी शहाणपणाची आहे. भांडण एवढंच की ती गहाण न पडलेल्या वस्तूलाच वाचवते आणि मराठवाड्यात अडचणीत आलेल्या माणसाकडं गहाण न पडलेली वस्तू शोधून दाखवा म्हणलं तर पंचनामा करणाऱ्यालाही घाम फुटेल.

आधी यादी बघू, कारण वकिलाच्या टेबलाबाहेर ती फारशी कुणाला माहीत नसते. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८, कलम ६०. कोर्टाचा हुकूमनामा झाला, वसुलीची दरखास्त पडली, कोर्टाचा बेलीफ दारात आला तरी त्याला हात लावता येत नाही अशा गोष्टी: नेसायचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, रूढीप्रमाणे बाईला अंगावरून काढता येत नाहीत असे दागिने, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची औजारं, पोट भरायला लागतील तेवढी जनावरं आणि बियाणं, शेतकरी किंवा मजूर राहतो ते त्याचं घर खालच्या जागेसकट, मजुरी, सरकारी पेन्शन, प्रॉव्हिडंट फंड, आयुर्विम्याचे पैसे. १९७६ ला यात एक फार चांगली भर पडली, की हे संरक्षण मी सोडून देतो असं कुणी आधीच लिहून घेतलं असेल तर ते लिहिलेलं रद्दबातल. म्हणजे कर्ज घेताना ज्या पंधरा-वीस कागदांवर आपण न वाचता सह्या ठोकतो त्यात असली काही ओळ असली तरी तिला किंमत नाही.

आणि दिवाळखोरीचा कायदा याच यादीला धरून चालतो. १९२० चा प्रांतिक नादारी कायदा अजून जिवंत आहे, लोकांना वाटतं तो कधीच गेला. त्यात जिल्हा कोर्टात अर्ज करता येतो, कर्ज पाचशे रुपयांचं असलं तरी चालतं (१९२० चे पाचशे, हे लक्षात घ्या) आणि जी वस्तू जप्तीतून वाचते ती नादाराच्या मालमत्तेत धरायचीच नाही असं कलम २८ मध्ये सरळ लिहिलंय, फक्त हिशोबाच्या वह्या तेवढ्या द्याव्या लागतात. आता लातूर, परभणी, बीडच्या कोर्टात असे अर्ज घेऊन कुणी जातं का, तर तुम्हीच तुमच्या ओळखीच्या वकिलाला विचारून बघा, आधी तो हसेल.

यादी शहाणी आहे म्हणलं पण ती म्हातारीही झालीय. पगाराचंच घ्या. साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यात पगारातले पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडून बाकी जप्त करता येतं. एमआयडीसीत सोळा हजारावर काम करणारा पोरगा धरा, हजार गेले, राहिले पंधरा, त्याचे दोन तृतीयांश दहा, म्हणजे अकरा हजार त्याचे आणि पाच हजार दर महिन्याला सावकाराचे किंवा बँकेचे. चोवीस महिने झाले की थांबतं, ते बरं आहे. पण तो हजाराचा आकडा कधीचा? १९९९ च्या दुरुस्तीतला, लागू झाला जुलै २००२ ला, त्याआधी चारशे होता. तेव्हा हजारात महिन्याचा किराणा व्हायचा, आता सिलेंडर आणि तेलाचा पाच लिटरचा डबा आणला की हजाराला पुरवणी लागते. अमेरिकेत दिवाळखोरीत काय ठेवता येतं त्याचे केंद्राच्या कायद्यातले आकडे दर तीन वर्षांनी महागाईप्रमाणे आपोआप वाढतात, संसदेत जायची गरज पडत नाही. आपल्याकडं महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढतो, दुष्काळी अनुदानाचे दर बदलतात, आमदारांचं मानधन तर विचारूच नका, फक्त कर्जबाजारी माणसाचा हजार तिथंच उभा.

दुसरं म्हणजे घर. वाचतं ते शेतकऱ्याचं, मजुराचं, घरकाम करणाऱ्याचं. शेतकरी म्हणजे स्वतः कसणारा आणि मुख्यतः त्यावरच जगणारा. मग मोंढ्यात चहाची टपरी चालवणारा? पंक्चरवाला? स्टँडसमोर मोबाईल दुरुस्तीचं काउंटर टाकलेला? याला मजूर म्हणायचं का धंदेवाला यावर वकील वाद घालतील, पण सरळ वाचलं तर त्याचं दोन खोल्यांचं घर यादीत बसत नाही आणि शेजारच्या पाच एकरवाल्याचं बसतं. १९०८ मध्ये हे ठीक असेल, आज तालुक्याच्या गावात अर्धी वस्ती या ना-शेतकरी-ना-मजूर गटात मोडते, तिचा बाप शेतकरी होता एवढंच.

मग २०१६ ला नवी नादारी व दिवाळखोरी संहिता आली, जिला सगळे आयबीसी म्हणतात. तिच्या तिसऱ्या भागात साध्या माणसाची, भागीदारी फर्मची दिवाळखोरी आहे. तिथली यादी खरंच सुधारलेली आहे: धंद्याची अवजारं, पुस्तकं, गाडीसुद्धा, घरातलं गरजेचं सामान, विमा, पेन्शन योजना, रूढीचे दागिने आणि एक राहतं घर, मग तो शेतकरी असो नाहीतर टपरीवाला. नियमांत किमतीची मर्यादा घातली, घर शहरात वीस लाखांपर्यंत, गावात दहा लाखांपर्यंत, दागिने एक लाखापर्यंत. हे नियम २०१९ चे, तेव्हा लाखात दोन-अडीच तोळे सोनं यायचं, आता तोळ्यानेच लाख ओलांडला, म्हणजे मंगळसूत्राच्या दोन वाट्या आणि काळ्या मण्यांच्या पुढं काही वाचायचं नाही. तरी चालेल, काहीतरी तर वाचतंय.

पण हा भाग लागू कुणाला केला? १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला ज्यांनी वैयक्तिक हमी दिली त्यांना. म्हणजे कारखाना बुडवलेल्या चेअरमनला, डायरेक्टरला. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये ते बरोबर ठरवलं, आणि बँकांच्या बाजूने बघितलं तर ते बरोबरच होतं, मोठ्या हमीदारांना पकडायचं होतं. पण त्यात झालं असं की शेकडो कोटींची हमी देणाऱ्यासाठी नवीन कायद्याचं दार उघडलं आणि गंगाखेडच्या तीस हजार कर्ज असलेल्याला अजून १९२० च्या दारात उभं केलंय. त्याच्यासाठी संहितेत एक वेगळं प्रकरण आहे, नव्याने सुरुवात करायचं, अगदी गरिबाचं कर्ज पुसून टाकायचं. ते आजपर्यंत लागू नाही, आणि लागू झालं तरी त्याच्या अटी बघा. वार्षिक उत्पन्न साठ हजारांच्या आत, मालमत्ता वीस हजारांच्या आत, माफ होणारं कर्ज पस्तीस हजारांच्या आत आणि नावावर घर नसलं पाहिजे, गहाण असो नसो.

या शेवटच्या अटीवर जरा थांबा. महिन्याला पाच हजारांत भागवणारा माणूस आपल्याकडं बहुतेक घरकुलाच्या यादीत असतो. सरकार त्याला पंतप्रधान आवासमधून एक लाख वीस हजार देतं, तो वरून उसने काढून पत्र्याऐवजी स्लॅब टाकतो, ग्रामपंचायतीच्या नमुना आठला नाव लागतं, दारावर योजनेचं नाव रंगवून फोटो काढून जिओटॅग होतो. आणि त्या दिवसापासून तो नव्याने सुरुवात करायला अपात्र. एका खात्याने घर दिलं म्हणून दुसऱ्या खात्याच्या लेखी तो कर्जमुक्त होण्याएवढा गरीब राहिला नाही! ज्याने कुणी हे लिहिलं त्याच्या डोळ्यासमोर मुंबईतला भाडेकरू असणार, खेड्यात कितीही गरीब माणसाला चार भिंती असतातच, पडक्या का असेनात. शिवाय हे चालवायचं कुठं तर डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, मराठवाड्याला ती एक संभाजीनगरला. किनवटच्या माणसाने पस्तीस हजार माफ करून घ्यायला तारखेतारखेला तिथं जायचं, एसटीचं भाडं कोण माफ करणार.

आता मूळ मुद्द्यावर येतो. नव्या संहितेत अवजारं, सामान, दागिने, घर, विमा या प्रत्येक गोष्टीच्या आधी एकच अट चिकटवलीय, ती वस्तू बोजाविरहित पाहिजे. जुन्या कायद्यातही तेच होतं, फक्त वेगळ्या वाटेने, गहाणखताच्या दाव्यात जप्तीची गरजच पडत नाही म्हणून कलम ६० चं घराचं संरक्षण तिथं कामाला येत नाही. तर्काने हे बरोबर वाटतं, तू स्वतः गहाण टाकलंस ना मग आता रडतो कशाला. पण एखाद्या थकलेल्या घरात शिरून बघा. मंगळसूत्र गोल्ड लोनच्या पाकिटात, पेरणीला ठेवलेलं, सोयाबीन निघाल्यावर सोडवू म्हणून ठेवलेलं, भाव हमीभावाच्या खाली गेला म्हणून तिथंच राहिलेलं. बाईने काढू नये असा दागिना म्हणून कायदा ज्याला वाचवतो तो तिने कायदा यायच्या आधीच काढून दिलेला. ट्रॅक्टर फायनान्सचा. सातबाऱ्याच्या इतर हक्कात सोसायटीचा बोजा, त्याखाली राष्ट्रीयीकृत बँकेचा. घर पतसंस्थेकडं गहाणखताने, पोरीच्या लग्नाला. म्हैस एका योजनेतली, तिच्याही कानात बिल्ला आणि कागद बँकेत. उरलं काय मग, तर भांडी आणि वाकळा. ते तर १९०८ पासूनच वाचलेलं आहे, त्यासाठी २०१६ ची संहिता कशाला पाहिजे होती?

आणि हे सगळं निदान कागदोपत्री गहाण आहे. खासगी सावकार तर गहाणही लिहून घेत नाही, सरळ खरेदीखत करून घेतो, पैसे दिले की उलटून देतो म्हणतो. मग ती जमीन तुमची राहिलीच नाही तर यादीत कुठून येणार. हा खेळ नवा नाही. १८७५ ला सुप्यात आणि नगर-पुण्याच्या गावांत शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्त जाळले, त्यानंतर १८७९ ला इंग्रजांनी दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला, की खास गहाण लिहून दिल्याशिवाय शेतकऱ्याची जमीन कर्जापायी विकता येणार नाही. तो पुणे, सातारा, सोलापूर, नगरला होता, आपण निजामाकडं, आपल्याला नव्हता. सावकारांनी काय केलं तर गहाण सोडून विक्रीखतं लिहून घ्यायला सुरुवात केली, शेवटी विक्रीच्या मागं कर्ज आहे का ते बघायचा अधिकार कोर्टांना द्यावा लागला. आज महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यात जिल्हा उपनिबंधकाला अशी जमीन परत द्यायचा अधिकार आहे, तो त्याच धड्यातून आलाय. म्हणजे नुसती यादी करून भागत नाही, यादीला वळसा घालणारी वाट बंद करावी लागते हे आपल्याला दीडशे वर्षांपासून माहीत आहे.

अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्यात कलम ५२२ मध्ये ही वाट बऱ्यापैकी बंद केलीय. घरातलं सामान, धंद्याची हत्यारं यांच्यावर एखाद्याने कर्जाचा बोजा चढवला असेल, वस्तू कर्जदाराकडंच असेल आणि कर्ज ती वस्तू घ्यायला दिलेलं नसेल तर कर्जदार कोर्टाला सांगून तो बोजा उतरवू शकतो, यादीत बसतं तेवढ्यापुरता. विचार सरळ आहे: जुना फ्रिज, शिलाई मशीन विकून सावकाराला कितीसे पैसे येणार, तो बोजा वसुलीसाठी नसतोच, घाबरवण्यासाठी असतो.

घाबरवणं काय असतं ते आमच्याकडं गल्लीत दिसतं. पिको-फॉल करणारी एक ताई, मायक्रोफायनान्सच्या गटाचे तीन हप्ते थकले, सकाळी सातला दोन पोरं दारात, एक बुलेटवर बसूनच होता. गटातल्या बाकीच्या बाया पण सोबत आणलेल्या, त्यांनाच बोलायला लावायचं. "पैसे नाहीत तर मशीन द्या ना जी, उद्या घेऊन जा पैसे भरून." मशीनचा पट्टा काढून, वरचं डोकं पायाच्या स्टँडपासून सोडवून, सुताची रिळं तिच्याच ओट्यावर काढून ठेवली आणि नेलं. आता बघा, आरबीआयच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे मायक्रोफायनान्सचं कर्ज म्हणजेच विनातारण कर्ज, त्यावर कसला बोजा असूच शकत नाही. वसुलीला सकाळी नऊच्या आधी जायचं नाही हेही त्यातच आहे. मशीन म्हणजे कारागिराचं हत्यार, कलम ६० मध्ये सरळ बसतं, कोर्टाचा हुकूम आणला असता तरी नेता आलं नसतं, आणि इथं हुकूमच नव्हता. म्हणजे एवढ्या सगळ्या गहाणवटीत जी एक वस्तू खरोखर बोजाविरहित होती, कायद्याने पूर्ण वाचत होती, ती गेली कारण ते तिला माहीत नव्हतं आणि त्या पोरांना माहीत असायची गरज नव्हती.

तसंच खात्याला होल्ड. अतिवृष्टीचं अनुदान आलं, पीकविमा आला, पीएम किसानचे दोन हजार आले, की थकीत कर्जापायी बँक खात्याला होल्ड लावते. दरवर्षी कलेक्टर साहेब बँकांना पत्र काढतात की असं करू नका, दरवर्षी लोक पासबुक घेऊन बँकेच्या पायरीवर बसायलेत. इथं जप्ती नाही, बेलीफ नाही, म्हणून कलम ६० पण नाही, बँक आपलं आपणच कापून घेते. २०२५ च्या सप्टेंबरात नद्या शेतातून वाहिल्या, माती खरवडून गेली, त्याचं अनुदान जर जुन्या हप्त्यात गेलं तर पुढची पेरणी कशावर करायची.

विरोधात लोक बोलतात ते ऐकण्यासारखं आहे. एक म्हणजे घर गहाण घेऊनही विकता येणार नसेल तर उद्या पतसंस्था घरावर पैसाच देणार नाही. खरं आहे, नाही देणार. माझं म्हणणं, नाही दिला तर बरंच. घर बांधायला किंवा घ्यायला दिलेलं कर्ज वेगळं, ट्रॅक्टर घ्यायला दिलेलं वेगळं, तिथं वस्तूच त्या पैशाने आलीय, ती परत जाणं न्यायाचंच आहे. पण लग्नाच्या मांडवासाठी राहतं घर तारण घेणारी संस्था बंद झाली तर मांडव लहान होतील, माणसं बेघर व्हायची नाहीत. दवाखान्याचं मात्र अवघड आहे, रात्री दोनला लाख रुपये भरा म्हणतात तेव्हा घराचे कागद हाच आधार असतो, हे मी नाकारत नाही. म्हणूनच सोन्याला मी हात लावायला सांगत नाही. सोनं गहाण टाकता येणं ही गरिबाची बँक आहे, ते मंगळसूत्र असलं तरी, अमेरिकेतही सावकाराच्या ताब्यात दिलेल्या वस्तूला ती सवलत नाही. तो दागिना वाचवायला गेलं तर ती बाई उद्या आरबीआयच्या कक्षेतल्या कंपनीऐवजी महिन्याला शेकडा पाच घेणाऱ्या सावकाराकडं जाईल.

दुसरी हरकत जास्त वजनाची आहे आणि ती मराठवाड्यातच जास्त कळते. धनको म्हणजे ज्याचे पैसे येणं आहेत तो, आणि तो कायम गब्बर सावकारच असतो असं नाही. गेल्या काही वर्षांत बीडपासून संभाजीनगरपर्यंत पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायट्या बुडाल्या, त्यात ठेवीदार कोण होते तर रिटायर्ड मास्तर, ऊसतोडीच्या पैशातून दोन लाख साठवलेली जोडपी, पोरीच्या लग्नाची एफडी. हे ठेवीदार त्या संचालकांचे धनकोच झाले. राहतं घर वाचवा म्हणलं आणि मर्यादा घातली नाही तर तीन मजली बंगला, खाली पार्किंग, तोही राहतं घर म्हणून वाचेल. टेक्सास आणि फ्लोरिडात असंच आहे, घराला क्षेत्रफळाची मर्यादा आहे, किमतीची नाही, मोठे कर्जबुडवे तिकडं महागडी घरं घेऊन बसायचे, म्हणून २००५ मध्ये केंद्राला नियम करावा लागला की सव्वातीन वर्षांच्या आसपास आत घेतलेल्या घराला किमतीची मर्यादा लागेल. आपल्याकडं दहा-वीस लाखांची मर्यादा आहे ती त्यामुळं मला पटते, फक्त ती दर तीन वर्षांनी आपोआप हलली पाहिजे आणि घर त्याहून महाग निघालं तर काय हेही लिहिलं पाहिजे, मर्यादेएवढी रक्कम माणसाच्या हातात देऊन उरलेली धनकोंना, असं. नाहीतर एकवीस लाखांच्या घरवाल्याला शून्य आणि एकोणीसवाल्याला पूर्ण घर.

कर्जमाफी आहे ना मग हे कशाला, असंही विचारतात. २००८ ची झाली, २०१७ ची दीड लाखांपर्यंतची, २०१९ ची दोन लाखांपर्यंतची. त्या शेतीकर्जाच्या, सोसायटी आणि बँकेच्या, निवडणुकीच्या हिशोबाने येणाऱ्या. दवाखान्याचं, गटाचं, फायनान्सचं, टपरीच्या मालाचं कर्ज त्यात कधी बसलं नाही, आणि भूमिहीनाला तर माफीच्या यादीत नावच नसतं. एकेका माणसाचा हिशोब बघून, जगायला लागेल ते बाजूला काढून, बाकी विकून मोकळं करणं हे दिवाळखोरीच्या कायद्याचं काम आहे, ते माफीने कधी होत नाही.

संहितेचा तिसरा भाग सगळ्यांना लागू करायला अधिसूचना लागेल, अटी बदलायला संसद, ते दिल्लीचं काम, कधी होईल तेव्हा होईल. घरकुलाची अट, हजाराचा आकडा, एक घर-एक अवजार-एक दुभतं जनावर-एका हंगामाचं बियाणं गहाण असलं तरी वाचवायची तरतूद, खासदारांनी यावर एक प्रश्न तरी टाकावा, आठ जिल्ह्यांतून कुणीतरी. पण जिल्ह्यात आज होण्यासारखं एक काम आहे. कोर्टाची असो, सहकार खात्याच्या वसुली अधिकाऱ्याची असो, जप्तीच्या प्रत्येक नोटिशीच्या पाठीमागं कलम ६० ची यादी सोप्या मराठीत छापा, आणि गटाच्या प्रत्येक कर्जपुस्तिकेवर एक ओळ, की हे कर्ज विनातारण आहे, घरातली कुठलीही वस्तू नेता येणार नाही, नेली तर पोलिसात जा, आणि तालुका विधी सेवा समितीत बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत. पाठपोट छपाईला कागद जास्तीचा लागत नाही.